काटा पावतीसाठी जुना डॉट मॅट्रिक्स: कप्सचा ड्रायव्हर की सरळ रॉ?

सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन कापसाच्या वेचणीला जोर आला की आमच्या धरमकाट्यावर गाड्यांची रांग लागते. सगळा माल हिंगणघाटच्या जिनिंगांकडे जाणारा. प्रत्येक गाडी दोनदा तोलायची, भरलेली आणि रिकामी, आणि तीन प्रतींची पावती द्यायची. त्यामुळे थर्मल की डॉट मॅट्रिक्स हा प्रश्न इथे फार वेळ टिकत नाही. थर्मलवर कार्बन प्रत निघत नाही, आणि गाडीच्या काचेमागे उन्हात पडलेली थर्मल चिठ्ठी चुकारा हाती पडेपर्यंत वाचता येईल याचा भरवसा नसतो.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एप्सनच्या भाषेत बोलणारा जुना ९ पिनांचा प्रिंटर लिनक्सला जोडल्यावर कप्स या लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेतला एप्सन ९-पिन ड्रायव्हर घ्यायचा, की ड्रायव्हर टाळून रॉ मजकूर पाठवायचा? मी दोन हंगाम ड्रायव्हरवर काढले, तिसरा रॉवर चालू आहे.

ड्रायव्हरची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. पावतीवर मराठी येतं. प्रिंटरच्या रॉममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कायमच्या अक्षरसाठ्यात, देवनागरी नसते. ड्रायव्हर अख्ख्या पानाचं चित्र करतो आणि ते ठिपक्यांनी उमटवतो. आपलं आणि गावाचं नाव आपल्या लिपीत दिसणं ही शेतकऱ्यासाठी लहान गोष्ट नाही. मात्र ९ पिनांमध्ये पिनांचं उभं अंतर इंचाला ७२ ठिपक्यांचं. ‘ज्ञानेश्वर’मधला ज्ञ पहिल्या प्रतीवर कळतो, तिसऱ्यावर अंदाजाने वाचावा लागतो. वेगही कमी. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण रॉची पावती फाडून हातात देईपर्यंत ड्रायव्हरची माझ्याकडे अर्ध्यावर असायची.

एवढं मी चालवून घेतलं असतं. मला ड्रायव्हर सोडायला लावलं ते परफोरेशनने, म्हणजे दोन पावत्यांमधल्या फाडायच्या छिद्ररेषेने.

माझी पावती ६ इंच उंचीची. ड्रायव्हरने छापायचं तर हे माप तीन ठिकाणी जुळावं लागतं: काट्याच्या प्रोग्राममध्ये, कप्समध्ये आणि प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. दुसऱ्या हंगामात सिस्टम अपडेट केली आणि कागद ए४ होऊन बसला. प्रत्येक पावतीमागे एक कोरी पावती वाया जाऊ लागली. ते लगेच दिसलं, म्हणून पुतण्याने माप हाताने भरलं, १५० मिमी. ६ इंच म्हणजे १५२.४. पावतीमागे अडीच मिमीची घसरण; एका पावतीत डोळ्यांना दिसत नाही, पण दहा-बारा पावत्यांनंतर वरच्या ओळी आधीच्या पावतीच्या पायथ्याशी जाऊन बसल्या. गर्दीत आम्ही फाडत गेलो.

संध्याकाळी एक काका जिनिंगवरून परत आले. “भाऊ, माह्या पावतीवर गाडी नंबरच नाही ना.” तो त्यांच्या पुढच्या गाडीवाल्याच्या कागदाबरोबर गेला होता. मी रजिस्टर पाहून हाताने लिहून दिलं, शिक्का मारला, तरी चुकारा दुसऱ्या दिवसावर गेला. त्यांना २० किलोमीटरवरून पुन्हा यावं लागलं. वर्षभराच्या कापसाचा पैसा माझ्या अडीच मिमीपायी अडला, हे मनातून जात नाही.

रॉमध्ये हे माप एकाच ठिकाणी राहतं, पावतीच्या मजकुरात. सुरुवातीला एस्केप, सी आणि ३६ हा आकडा पाठवायचा. इंचाला ६ ओळी, म्हणून ६ इंचांच्या ३६. शेवटी फॉर्म फीड, म्हणजे पान पुढे सरकवण्याचा आदेश, आणि पुढच्या माथ्यापर्यंत कागद प्रिंटर स्वतः नेतो. एप्सनच्या १९८०च्या एमएक्स-८० प्रिंटरपासून हा मापाचा आदेश चालत आला आहे. वीज गेली की प्रिंटर माप विसरतो, म्हणून तो प्रत्येक पावतीत घालायचा. वीज परत आल्यावर माथा मात्र एकदा हाताने जुळवावा लागतो, कारण आदेश मिळतो त्या जागेपासून प्रिंटर पान मोजतो.

रॉ क्यू (ड्रायव्हरशिवायची छपाई-रांग) बनवताना कप्स इशारा देतं की ही सोय पुढे बंद होणार. ड्रायव्हरलाही तसाच इशारा आहे, त्यामुळे त्यावर माझा निर्णय अडला नाही. रॉला निदान कप्सशिवायची वाट आहे. प्रिंटरच्या डिव्हाइस फाइलमध्ये थेट लिहिता येतं.

मराठी मात्र गमावली. मथळे आणि रकाने मी प्रेसमधून मराठीत छापून घेतले आहेत, पण नाव रोमनमध्येच उमटतं, आणि ते मला अजून खटकतं. ज्यांच्याकडे २४ पिनांचा प्रिंटर आहे आणि दिवसाला १५-२०च पावत्या निघतात, त्यांना कदाचित ड्रायव्हरच बरा पडेल.

ठरवण्याआधी दोन्ही पद्धतींनी सलग ४० पावत्या काढा, मधे एकही न फाडता, आणि चाळिसावीचा माथा परफोरेशनपासून किती सरकला ते बघा. त्यासाठी एकेरी कागद चालतो, तीन प्रतींचा वाया घालवू नका.