काखेतून ब्लॉक द्यायचा की कॉलरबोनच्या वरून?

भूलशास्त्राला नवीन लागलेली मुलं दरवर्षी हमखास विचारतात, मनगटात प्लेट टाकायचीय किंवा डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडणं) करायचाय, तर ब्लॉक, म्हणजे नर्व्हजवळ (मज्जातंतूजवळ) औषध टोचून फक्त हात बधीर करणं, कुठून देऊ. दोन्हीकडून हात बधीर होतो हे खरंच, पण तुम्ही त्याच नर्व्ह वेगवेगळ्या मुक्कामावर गाठताय आणि सगळा फरक तिथेच पडतो.

हाताच्या नर्व्हचं जाळं म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. मानेत त्याची सी 5 ते टी 1 अशी 5 मुळं, त्यांचे 3 ट्रंक (खोडं), प्रत्येक ट्रंकचे दोन म्हणजे 6 डिव्हिजन (फाटे), मग 3 कॉर्ड (जुड्या), आणि काखेत येईपर्यंत मीडियन, अल्नर, रेडियल अशा ज्याच्या त्याच्या नावाने सुट्ट्या झालेल्या नर्व्ह. म्हणजे कॉलरबोनच्या वर सगळी मंडळी एका घरात, काखेत प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं.

कॉलरबोनच्या वरचा, म्हणजे सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक लोकांना आवडतो तो यामुळेच. अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवला की सबक्लेव्हियन धमनी उडताना दिसते, तिच्या बाहेरच्या बाजूला द्राक्षाच्या घडासारखं प्लेक्सस, एका जागी औषध टाकलं की दंडाच्या मध्यापासून बोटांपर्यंत सगळं बधीर, आणि लागतोही लवकर. पण त्या घडाच्या खाली पहिली बरगडी आणि बरगडीच्या लगत फुप्फुसाचं आवरण आहे. सुईचं टोक नजरेआड करून एक सेंटीमीटर पुढे ढकललं तरी न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा शिरणं) होऊ शकतो, आणि तो कधीकधी काही तासांनी कळतो, तोवर डे केअरचा पेशंट घरी पोचलेला असतो. शिवाय औषध वर सरकून श्वासाचा पडदा हलवणारी फ्रेनिक नर्व्ह गाठतं, त्या बाजूचा हा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, थंडावतो. धडधाकट माणसाला कळतही नाही, पण आयुष्यभर चुलीपुढे बसून फुप्फुसं खराब झालेल्या आजींना चांगलंच कळतं. आणि एवढं करूनही करंगळी जागी राहू शकते, कारण करंगळीकडे जाणारा लोअर ट्रंक धमनी आणि बरगडीच्या कोपऱ्यात दडलेला असतो, तिथे औषध मुद्दाम टाकावं लागतं.

आता काख. इथे फुप्फुस लांब, फ्रेनिक तर त्याहून लांब. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि धमनीला सुई लागलीच तर बोटाने दाबून धरता येतं, कॉलरबोनमागे तसं दाबायला जागा नाही. मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. पण कष्टही इथेच जास्त. ॲक्झिलरी धमनी मध्ये ठेवा, बहुतेकांत मीडियन तिच्या वर-बाहेरच्या अंगाला, अल्नर आतल्या अंगाला, रेडियल मागे खोल. बहुतेकांत म्हणतोय, कारण माणसागणिक जागा बदलतात, म्हणून प्रत्येक नर्व्ह दंडात खालपर्यंत माग काढून ओळखायची. प्रोब जोरात दाबला की शिरा चपट्या होऊन दिसेनाशा होतात आणि तुम्ही नेमके शिरेत औषध टाकता, म्हणून हात हलका ठेवा, थोडंथोडं औषध सोडा, दर वेळी आधी सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का बघा.

मस्क्युलोक्युटेनियस, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची नर्व्ह, हिचं तर मी जन्मात विसरणार नाही. ती धमनीजवळ थांबतच नाही, आधीच निसटून कोराकोब्रेकियालिस स्नायूत शिरलेली असते. रेसिडेंट असताना मी धमनीभोवती झकास औषध टाकलं, बोटं पूर्ण बधीर, आणि सर्जनने मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला चीर दिली तेव्हा पेशंट कळवळला, कारण कोपरापासून मनगटापर्यंत त्या बाजूची कातडी हिच्याच फांदीकडे असते. तेव्हापासून मी हिला पहिली गाठतो. आणि नावावर जाऊ नका, ॲक्झिलरी ब्लॉकमध्ये ॲक्झिलरी नर्व्हच सुटते, ती वरच मागे वळून खांद्याकडे गेलेली असते, त्यामुळे खांद्यासाठी हा ब्लॉक नाहीच.

टुर्निकेट (रक्त थांबवायला दंडाला आवळायचा पट्टा) लावणार असाल तर दोन्ही ब्लॉकना एक गोष्ट जमत नाही. दंडाच्या आतल्या बाजूची, काखेलगतची कातडी इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्हकडे असते, ती टी 2 मधून येते, प्लेक्ससची नाहीच. काखेच्या घडीलगत कातडीखाली थोडं औषध पसरवून टाका.

तर माझं मत असं, पंजा, मनगट, फोरआर्म असेल तर आधी काख. दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार) पेशंट असेल, दोन्ही हातांचं काम असेल, रक्त पातळ असेल, तर काखच. ऑपरेशन कोपराच्या वर असेल, किंवा हात 90 अंश बाहेर काढताच येत नसेल, फ्रॅक्चरमुळे म्हणा नाहीतर आखडलेल्या खांद्यामुळे, तर कॉलरबोनच्या वरून, पण ते सुईचं टोक पूर्ण वेळ दिसत असेल तरच. फिस्टुलाच्या पेशंटला दोन्हीने शिरा फुगायचा फायदा मिळतो, पण किडनी गेलेल्या माणसाला डोस आणखी जपून द्या. 50 किलोच्या माणसाला 2 मिग्रॅ प्रति किलो धरलं तर 0.5 टक्के बुपिव्हॅकेनचे (बधीर करायच्या औषधाचे) 20 एमएलच होतात, आणि ते रक्तात जाऊन विषबाधा झाली तर उतारा म्हणून 20 टक्के लिपिड इमल्शन खोलीतच हवं.

कुठूनही द्या, कापड टाकायच्या आधी चार गोष्टी बघा. कोपर सरळ करून ढकलायला सांगा, ती रेडियल. वाकवून ओढायला सांगा, ती मस्क्युलोक्युटेनियस. तर्जनीला चिमटा, मीडियन. करंगळीला चिमटा, अल्नर. एखादी जागी असेल तर सर्जनला पाच मिनिटं थांबवा आणि तेवढ्या एकाच नर्व्हला कोपराच्या आसपास गाठून 3-4 एमएल द्या, पण आधी दिलेल्या डोसमध्ये ते मोजून.