अधिग्रहणानंतरची आमची कंपनी : तालुक्याच्या मदत केंद्रातून लिहिलेले परीक्षण

मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो ती २०२४ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. मूळ कंपनी विदर्भातलीच होती. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांना, वजनकाट्यापासून शेतकऱ्याच्या चुकाऱ्यापर्यंतचा, म्हणजे त्याला कापसाचे पैसे मिळेपर्यंतचा, सगळा हिशेब ठेवणारी प्रणाली ती पुरवत असे आणि त्या प्रणालीचे मदत केंद्र वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होते, ते आजही तिथेच आहे. दोन्ही कंपन्यांची नावे मी देत नाही. या केंद्रात नोकरीसाठी मुलाखत देऊ पाहणाऱ्या आसपासच्या गावांतील मुलामुलींसाठी आणि आपली छोटी कंपनी विकली जाणार अशी कुणकुण लागलेल्या कर्मचाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : पगार, विमा आणि कागदपत्रे यांत आमची स्थिती पूर्वीपेक्षा चांगली आहे, परंतु काम करताना लागणारा निर्णयाचा अधिकार गावातून निघून गेला आहे आणि त्याचे नुकसान पहिल्या सर्व फायद्यांपेक्षा मोठे आहे.

विक्रीची बातमी आम्हाला व्हिडिओ बैठकीत मिळाली. निवेदन इंग्रजीत वाचून दाखवले गेले, प्रश्नांसाठी वेळ ठेवला नव्हता आणि बैठक संपल्यावर केंद्रातली बरीच मंडळी नोकरी राहिली की गेली हेच एकमेकांना विचारत होती. पुढे संस्थापक स्वतः गावात आले, मराठीतून सविस्तर बोलले आणि संध्याकाळपर्यंत थांबून प्रत्येकाचे ऐकून घेतले. त्यांनी हे केले याबद्दल माझ्या मनात आदर आहे. मात्र ती भेट घोषणेच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी व्हायला हवी होती, कारण मधल्या काळात घरोघरी जी काळजी पसरली ती टाळता आली असती.

ही काळजी निराधार नव्हती. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय घेतला तेव्हा करविषयक वादामुळे तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिथले उत्पादन थांबले. २००९ मध्ये सत्यम ही कंपनी टेक महिंद्राच्या ताब्यात गेल्यानंतर हाती प्रकल्प नसलेल्या कर्मचाऱ्यांना केवळ मूळ वेतनावर घरी ठेवणारी ‘व्हर्च्युअल पूल’ योजना आली होती. आमच्यासारख्या आडगावच्या केंद्राला यातून एकच प्रश्न पडतो : खरेदीच्या यादीत आपण आहोत की नाही? हा प्रश्न प्रत्येक कर्मचाऱ्याने पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावा असे मला वाटते.

त्याच्याच जोडीने दुसरा प्रश्न विचारावा, तो म्हणजे विक्री नेमकी कशाची झाली. कंपनीचे समभाग विकले गेले असतील तर मालक बदलतो, पण नोकरी देणारी संस्था कायद्याच्या दृष्टीने तीच राहते आणि नेमणुकीचे जुने पत्र चालू राहते. मात्र केवळ व्यवसाय विकला गेला असेल, तर कर्मचारी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जातात आणि नवी नेमणूकपत्रे द्यावी लागतात. आमचा व्यवहार दुसऱ्या प्रकारचा होता. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५ एफएफ नुसार, सेवा खंडित न होता, पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर आणि पुढे कधी नोकरकपात झाल्यास जुनी सेवा धरून भरपाई देण्याच्या जबाबदारीसह कामगार नव्या मालकाकडे गेला, तरच हस्तांतरणाची भरपाई टळते. पदनाम ‘एक्झिक्युटिव्ह’ असले म्हणून हे संरक्षण आपोआप जात नाही, प्रत्यक्ष काम कोणते हे पाहिले जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि औद्योगिक संबंध संहितेतही हस्तांतरणासंबंधीची तरतूद आहे.

आम्हाला आलेल्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात सेवा अखंड धरली जाईल असे वाक्य नव्हते, शिवाय जुन्या कंपनीचा राजीनामा सोबत जोडून मागितला होता. ज्यांची नोकरी पाच वर्षांच्या आसपास आली होती, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची होती, कारण त्या वेळी लागू असलेल्या उपदान अधिनियम, १९७२ प्रमाणे सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या अखंड सेवेनंतरच उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मिळत असे आणि राजीनामा देऊन नव्याने रुजू झाल्यास ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकली असती. आम्ही सर्वांनी मिळून सही थांबवली, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वकिलांचा सल्ला घेतला आणि जुनी रुजू होण्याची तारीख पत्रात नोंदवावी अशी विनंती एकाच अर्जाद्वारे केली. नव्या कंपनीच्या एचआर विभागाने वाद न घालता मसुदा बदलला, राजीनाम्याची अट काढली आणि शिल्लक रजाही पुढे ओढल्या. हे या कंपनीच्या बाजूने मी ठळकपणे नोंदवतो.

पैशांच्या बाबतीतही तक्रारीला जागा कमी आहे. पूर्वी कापसाचा हंगाम लांबला की जिनिंगवाल्यांची वसुली थांबायची आणि आमचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत जायचा. आता तो महिनाअखेरीस खात्यात असतो. आरोग्य विम्यात आई-वडिलांचा समावेश झाला, हा तर गावातल्या कुटुंबांसाठी सर्वांत मोठा आधार आहे, कारण मोठे दुखणे निघाले की सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावे लागते. भविष्य निर्वाह निधीची कपात पूर्वी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपये होत असे; आता ती पूर्ण मूळ वेतनावर होते. त्यामुळे ज्यांचे मूळ वेतन जास्त आहे त्यांच्या हाती येणारी रक्कम पहिल्या महिन्यात घटलेली दिसली आणि केंद्रात गोंधळ उडाला. कंपनीचा हिस्साही तितकाच वाढतो, हे एखाद्या साध्या मराठी पत्रकात आधी सांगितले असते तर तो गोंधळ झालाच नसता. समभागांची तोंडी आश्वासने ज्यांना मिळाली होती, त्यांच्या हाती काहीही आले नाही. जे कागदावर नव्हते ते नव्या मालकाने मानले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे परीक्षण लिहायला घेतले तिच्याकडे येतो. आमच्या प्रणालीत ओलाव्याची कपात भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, नियमाप्रमाणे बसवलेली आहे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव, त्यापुढे जितका टक्का वाढेल तितका टक्का भाव कमी आणि १२ च्या वर खरेदी नाही, असा तो नियम. गाडी काट्यावर आली की कापसात दोन-चार ठिकाणी मीटर खुपसून ओलावा बघतात आणि तो आकडा दशांशासह काटापट्टीत, म्हणजे वजनाच्या पावतीत, भरतात. अधिग्रहणानंतरच्या पहिल्याच हंगामात आमची सगळी माहिती नव्या कंपनीच्या सर्व्हरवर नेण्यात आली. तिथे ओलाव्याचा रकाना पूर्णांकाचा ठरवला गेला आणि दशांश आला की त्यापुढचा पूर्णांक धरला जाऊ लागला.

पहिला फोन एका शेतकऱ्याने जिनिंगच्या फाटकावरूनच केला. “भाऊ, मीटरवर ८.४ दाखवते, अन् पट्टीवर ९ कसे काय आले?” माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकारी ताईंनी तो घेतला, त्यांनी त्या जिनिंगच्या दिवसभराच्या पट्ट्या उघडल्या आणि प्रत्येक पट्टीवर आकडा वर चढलेला दिसला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्या भावाने हिशेब केला तरी ८.४ ऐवजी ९ धरल्याने क्विंटलमागे सुमारे ४५ रुपये कमी होतात, म्हणजे वीस क्विंटलच्या गाडीला नऊशे रुपये. फवारणीपासून वेचाईपर्यंतचा खर्च उधारीवर केलेल्या माणसाला नऊशे रुपयांची किंमत काय असते, हे आमच्या केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, आहे.

जुन्या व्यवस्थेत असे काही दिसले की केंद्रप्रमुख नागपूरला प्रोग्रामरला थेट फोन करत आणि दिवे लागायच्या आत दुरुस्ती होत असे. तोवर कपातीचा भाग बंद ठेवण्याची कळ केंद्रप्रमुखांच्याच हाती होती. नव्या व्यवस्थेत ती कळ काढून घेतली आहे. आता तक्रारीची नोंद होते, तिला श्रेणी मिळते आणि ती श्रेणी दूरच्या शहरात बसलेला, कापसाचा बाजार कधीही न पाहिलेला गट ठरवतो. पूर्ण प्रणाली बंद पडली तरच पहिली श्रेणी. आमची तक्रार तिसऱ्या श्रेणीत गेली, जिच्यासाठी पाच कामकाजाचे दिवस ठरलेले आहेत. श्रेणी बदलण्याची विनंती आमच्या प्रमुखांनी वारंवार केली आणि दर वेळी त्यांना तोच ठरावीक मजकूर आला. शनिवार-रविवार मध्ये आले. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना आम्ही जिनिंगच्या मुनीमजींना हाताने पट्टी फाडायला सांगत होतो.

त्या ताईंनी या काळात एक वही घातली. पट्टी क्रमांक, मीटरवरचा आकडा, पट्टीवरचा आकडा, वजन आणि फरकाची रक्कम अशा पाच रकान्यांत त्यांनी चुकलेली प्रत्येक गाडी नोंदवली; जिथे मीटरचा मूळ आकडा प्रणालीत उरला नव्हता तिथे जिनिंगमध्ये फोन करून काट्यावरच्या माणसाच्या टिपणातून तो मिळवला. दुरुस्ती झाल्यानंतर त्याच वहीवरून फरकाची रक्कम पुढच्या चुकाऱ्यात शेतकऱ्यांना मिळाली. कंपनीच्या त्या तिमाहीच्या मूल्यमापनात मात्र ताईंचे गुण घटले, कारण त्या दिवसांत त्यांनी बंद केलेल्या तक्रारींची संख्या कमी होती. आमच्या प्रमुखांनी लेखी हरकत घेतली आणि तिचे उत्तर अजून आलेले नाही. जी मोजपट्टी ताईंच्या कामाला कमी ठरवते, ती मोजपट्टीच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाच्या वेळेचा प्रश्नही याच दुराव्यातून उभा राहिला. केंद्रात निम्म्याहून अधिक मुली आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एसटीने ये-जा करतात. नव्या वेळापत्रकात दुसरी पाळी रात्री नऊला संपते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे महिलांना सकाळी ७ ते रात्री ९.३० या वेळेत काम देता येते आणि त्यापलीकडे काम द्यायचे असल्यास त्यांची संमती, संरक्षण आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय लागते. म्हणजे कागदोपत्री पाळी नियमात बसते. पण आजूबाजूच्या गावांकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधीच निघून गेलेली असते. दोन हुशार मुलींनी याच कारणाने नोकरी सोडली. त्यानंतर कंपनीने कंत्राटी गाडी लावली आणि ती सध्या नियमित येते. गाडी आली याचे समाधान आहे, परंतु एसटीचे वेळापत्रक केंद्राच्या भिंतीवरच लावलेले असताना ते पाहण्यासाठी दोन राजीनामे यावे लागले, हे मला अजूनही मान्य होत नाही.

सुट्ट्यांच्या यादीतून पोळा आणि तान्हा पोळा दोन्ही गेले होते. अर्ज केल्यावर पोळा परत मिळाला. प्रशिक्षण मात्र उत्तम आहे. डेटाबेस आणि चाचणीचे अभ्यासक्रम कंपनीच्या खर्चाने करता येतात, आणि बारावीनंतर बी.कॉम. करून फोन घेण्यासाठी आलेले दोन सहकारी आज गावात राहूनच प्रणाली तपासणीचे काम करतात. जुन्या कंपनीत ही वाट नव्हती.

पाचपैकी तीन गुण मी देतो. नव्याने येणाऱ्यांनी नोकरी जरूर स्वीकारावी, परंतु रुजू होण्यापूर्वी पाळी आणि परतीच्या वाहनाची सोय नेमणूकपत्रात लिहून घ्यावी आणि मूल्यमापन कशावर होते ते विचारावे. कंपनीकडे माझी मागणी एकच आहे आणि ती आम्ही सह्यांनिशी पाठवलेलीही आहे : ऑक्टोबर ते मार्च या काळात शेतकऱ्याच्या रकमेवर परिणाम करणारी कोणतीही तक्रार पहिल्या श्रेणीत धरावी आणि कपात थांबवण्याची कळ केंद्रप्रमुखांना परत द्यावी. यासाठी नवा खर्च लागत नाही, जुन्या प्रणालीत ती सोय होतीच. हे झाले तर चौथा गुण मी आनंदाने देईन.