वसतिगृह नवं, पण कूलर ठेवायचा कुठे?

जळगाव शहरात महामार्गालगत नव्यानं उभं राहिलेलं मुलांचं वसतिगृह. तळमजल्यावर मेस आणि ऑफिस, वर चार मजले, मजल्याला 24 खोल्या, खोलीत दोघं. म्हणजे एकूण 192 मुलं.

खोली 3 बाय 4.2 मीटरची. दोन कॉट, दोन टेबलं लावूनही मधून सरळ चालता येतं, कारण कपाटं भिंतीत बसवली आहेत. टेबलापाशी प्रत्येकाला दोन स्वतंत्र प्लग. इथवर नाव ठेवायला जागा नाही.

गडबड कळते ती एप्रिलमध्ये. परीक्षा ऐन तोंडावर आणि पारा 44 च्या वर. एसीचं बिल परवडत नाही, नुसता पंखा गरम वाराच फिरवतो, त्यामुळे खानदेशात वसतिगृह म्हटलं की कूलर आलाच. आणि नेमका तोच आराखड्यात नाही. खिडक्या सरकत्या काचेच्या, उघडतात अर्ध्याच, बाहेरून पक्की जाळी. मग मुलं कूलर खोलीत आत ठेवतात. तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि तासाभरात चादर चिकट होते. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला हवी आणि तेवढीच हवा दुसरीकडून बाहेर जायला हवी. इथं दारावरची काच पक्की बसवलेली, म्हणजे तीही वाट बंद. खिडकीबाहेर 60 सेंटिमीटरचं लोखंडी ब्रॅकेट, जाळीत उघडणारा कप्पा, दारावर काचेऐवजी जाळीचा झरोका आणि ब्रॅकेटपाशी एक नळ, एवढं केलं तरी काम भागेल. पत्र्याच्या कूलरसाठी अर्थिंग तपासून घ्यावं आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावी. ओल्या हातानं कूलरला हात लावल्यावर बसणारा झटका जीवावर बेतू शकतो.

हाच कूलर पाण्याचं गणितही बिघडवतो. वसतिगृहाला माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात, म्हणजे 192 मुलांना जवळपास 26 हजार लिटर. कोरड्या हवेत एक कूलर रात्रभरात 50 लिटर सहज पितो, 96 खोल्यांचे झाले आणखी पावणेपाच हजार. वाघूर धरणाचं पाणी रोज येईल असं धरून चालत नाही, तेव्हा दोन दिवसांचा साठा म्हणून 60 हजार लिटरची टाकी हवी होती. बांधली 40 हजार लिटरची. मे महिन्यात टँकर दारात उभा राहणार, यात नवल नाही.

इमारत दक्षिणोत्तर लांब असल्यानं अर्ध्या खोल्या पश्चिमेला तोंड करून आहेत. छज्जा 60 सेंटिमीटरचा. तो दुपारी बाराचं ऊन अडवतो, चारचं नाही, कारण तेव्हा सूर्य छज्जाच्या खालून थेट आत येतो. जिना, संडास-बाथरूम, स्टोअर हे सगळं त्या बाजूला घेतलं असतं तर भिंतीचा ताप त्यांनीच सोसला असता. आता उपाय म्हणजे खिडकीला बाहेरून उभ्या पट्ट्या, नाहीतर बांबूची चटई. आतला पडदा फारसा कामाचा नाही, उष्णता काचेतून आत येऊन चुकलेली असते. चौथ्या मजल्यावर तर स्लॅबही तापतो, पण गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या चायना चिप्स (चिनी मातीच्या टाइलचे तुकडे) बसवणं अजून मालकाच्या हातात आहे.

मजल्याला सहा संडास, सहा बाथरूम. आठ मुलांमागे एक, म्हणजे नियमाला धरून. पण सगळी उत्तरेच्या टोकाला, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या मुलाला सकाळी बादली घेऊन अख्खा व्हरांडा तुडवावा लागतो. खालच्या छताला पाइपाभोवती ओल दिसते. फरशी बसवण्याआधी 72 तास पाणी साठवून चाचणी घेतली असती तर ती तेव्हाच सापडली असती.

मेसचं सांडपाणी जोत्याला लागून साचतं, ते मात्र लगेच वळवा. खाली काळी माती आहे, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. कंपाउंडच्या भिंतीला तिरकी भेग पडलेलीच आहे.

जेवण झकास, भरीत तर खासच. फक्त स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आतल्या चौकात सोडलाय, त्यामुळे ठेचा झाला की पहिला मजला खोकतो.

खोली घ्यायचीच असेल तर पूर्वेची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची आणि महामार्गाच्या टोकापासून लांबची मागा. पैसे भरण्याआधी कूलरच्या ब्रॅकेटचं मालकाकडून लिहून घ्या.