कोडिंग इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी अंकी ॲप वापरलं, ७ महिन्यांचा अनुभव

९ वर्षं एकाच ठिकाणी कोड लिहीत होते, मधे एकही इंटरव्ह्यू दिला नाही, उलट दुसऱ्यांचे घेतले भरपूर, त्यामुळे वाटलेलं की पंधरा दिवसांत हात बसेल. पहिल्याच दिवशी टायमर लावून टू समला (यादीतले कुठले दोन आकडे मिळून दिलेली बेरीज होते ते शोधायचा प्रश्न) बसले, दोन लूपवालं उत्तर लिहून खूश झाले आणि मग आठवलं की अरे, बघितलेले आकडे हॅशमॅपमधे, म्हणजे आकडा लगेच सापडेल अशा तक्त्यात, टाकत गेलं की एकाच फेरीत होतं. हा प्रश्न मी स्वतः लोकांना विचारायचे हो! डोक्यात सगळं होतं पण हाताला लागत नव्हतं.

म्हणून अंकी घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्लॅशकार्डचं ॲप आहे, कार्ड आठवलं तर पुढच्या वेळी जास्त दिवसांनी समोर येतं, चुकलं तर लगेच परत. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. दिसायला साधं, सेटिंग्ज डोकं खातात, पण चालतं व्यवस्थित.

पहिले दोन महिने मी वाया घालवले आणि त्यात ॲपचा काही दोष नाही. पुढच्या बाजूला प्रॉब्लेमचं नाव, मागे अख्खा कोड, अशी कार्डं केली, वर रोजची २० नवीन कार्डं ही डिफॉल्ट सेटिंग तशीच ठेवली. नोकरी सांभाळून २० म्हणजे वेडेपणा आहे, कारण जुनी कार्डंही परत येत राहतात, चार दिवस ॲप उघडलं नाही की एवढा ढीग साचतो की बघूनच बंद करावंसं वाटतं. आता ५ वर आणलंय, तेही जास्तच होतात कधीकधी.

खरं नुकसान वेगळंच होतं. एका जुन्या टीममधल्या मैत्रिणीला मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, घ्यायला सांगितला. तिने मीटिंग रूमचा प्रॉब्लेम (मीटिंगच्या वेळा दिल्यात, किती खोल्या लागतील) गाड्या आणि प्लॅटफॉर्म करून विचारला, बाकी सगळं तेच, आणि मी ब्लँक. पाठ केलेली कविता मधल्याच ओळीपासून म्हणायला सांगितली की होतं ना, अगदी तसं. ती म्हणाली, "अगं तुला उत्तर येतंय, प्रश्न ओळखू येत नाहीये."

त्या रात्री सगळी कार्डं उडवली. नवीन कार्डांवर पुढे फक्त खूण आणि मागे एक ओळ. म्हणजे पुढे "एन, म्हणजे आकड्यांची संख्या, एक लाखापर्यंत दिलाय", मागे "दोन लूप म्हणजे १,००० कोटी वेळा, विसरा, सॉर्ट केलं तर साधारण १७ लाखांत भागतं". पुढे "कामं एकमेकांवर अवलंबून, क्रम लावा", मागे टोपोलॉजिकल सॉर्ट. पुढे "सलग तुकड्याची बेरीज, पण आकडे निगेटिव्हही आहेत", मागे "स्लायडिंग विंडो (तुकड्याची दोन टोकं पुढे सरकवत जाणं) नको, प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनची चालती बेरीज) आणि हॅशमॅप". हे शेवटचं मी स्वतः ४० मिनिटं चुकीच्या रस्त्याने जाऊन केलेलं कार्ड आहे आणि ते एकदाही विसरले नाही. दुसऱ्यांनी बनवलेले तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, मिळतात, मी दोन उतरवून बघितले, काही चिकटलं नाही. चूक आपली असली की चिकटते.

अंकीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लीच, म्हणजे जळू. डिफॉल्टला एखादं कार्ड ८ वेळा विसरलात की ते त्यावर तशी खूण करतं. माझ्या जळवा सगळ्या बायनरी सर्चच्या निघाल्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग सोडून शोधायचं ते (लो आणि हाय ही उरलेल्या भागाची दोन टोकं, मिड त्याचा मध्य)! लूपमधे लो हायपेक्षा लहान ठेवायचा की बरोबरही चालेल, हाय मिडला आणायचा की एक कमी, प्रत्येक वेळी उलटसुलट. शेवटी ते पाठ करणं सोडलं आणि दोनच आकड्यांचा ॲरे घेऊन कागदावर चालवलं, तेव्हा दिसलं की लूपमधे बरोबरही ठेवलं आणि हाय मिडवरच आणला तर लो-हाय एकाच जागी आल्यावर लूप तिथेच फिरत बसतो. एवढं साधं. वर्षानुवर्षं लायब्ररीचंच फंक्शन वापरल्यावर हे कोणाच्या लक्षात राहणार.

सिस्टिम डिझाइनला, म्हणजे मोठी सिस्टिम कशी उभारायची या प्रश्नांना, कार्डांचा उपयोग जवळपास शून्य, अपवाद फक्त आकड्यांचा. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज १० लाख रिक्वेस्ट म्हटलं तरी सेकंदाला सरासरी १२च होतात. आधी मी १० लाख ऐकलं की लगेच शार्डिंग (डेटा अनेक डेटाबेसमधे वाटणं), क्यू (कामं रांगेत लावणं) असं सुरू करायचे. आता आधी भागाकार करते, मग गर्दीच्या वेळी त्याच्या किती पट होईल ते विचारते, आणि बऱ्याचदा एक डेटाबेस पुरतो असं सरळ सांगता येतं.

आणि बोलणं. हे कुठलंच कार्ड शिकवत नाही. फोनवर स्वतःला रेकॉर्ड केलं तर पहिल्या प्रॉब्लेमला ११ मिनिटं मी एक शब्द बोलले नव्हते, मला वाटत होतं मी सगळं समजावतेय! त्यानंतर रोज एक प्रॉब्लेम मोठ्याने, ऑटोकम्प्लीट बंद करून, घरचे हसतात ते हसू देत. अनुभवाच्या प्रश्नांचंही तेच, ९ वर्षांतलं काही आठवेना, जुने मेल आणि अप्रेझलला लिहिलेलं उकरून सात-आठ प्रसंग काढले. त्यात प्रत्येक वाक्य "आम्ही केलं". एका इंटरव्ह्यूत समोरच्याने शांतपणे विचारलं, ठीक आहे, पण त्यात तुम्ही काय केलंत? मला पटकन सांगता आलं नाही. तो राउंड गेला. घरी येऊन प्रत्येक प्रसंगात "मी" कुठे आहे ते शोधून कार्डं केली, त्यावर फक्त काय निर्णय घेतला आणि आकडा काय आला.

एकूण ६ ठिकाणी दिले, पहिले ३ सपशेल गेले, एक अर्ध्यात अडकला, दोन ऑफर आल्या. त्यात अंकीचा वाटा मी तिसरा हिस्सा धरेन, बाकी मॉक आणि ते मोठ्याने बोलणं. वेळ महिनाभरच असेल तर याच्या नादी लागू नका, सरळ मॉक द्या, कार्डांचा फायदा दिसायला तेवढा वेळ जातोच. तीन-चार महिने हातात असतील तर घ्या, पण कार्डं स्वतःच लिहा.

डेक अजून ठेवलाय, ऑफिसात कोडचा बिल्ड चालू असताना, म्हणजे प्रोग्रॅम तयार व्हायची वाट बघताना, आठ-दहा कार्डं होतात. परवा एक बायनरी सर्चवालं आलं, परत चुकलं.