नाशिक, अकलूज आणि नंदी हिल्स: तीन प्रदेशांच्या वाइन एकाच जेवणात

पवना धरणाच्या काठी मित्रमंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या बंगल्यात आम्ही तीन प्रदेशांतील चार वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखल्या: नाशिकच्या सुला कंपनीच्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन व्हाइट वाइन, अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सँजोव्हेसे ही रेड आणि बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्स परिसरातील ग्रोव्हर झाम्पा कंपनीची ‘ला रिझर्व्ह’ ही दुसरी रेड (पहिल्या तिन्हींची नावे त्या-त्या द्राक्षाच्या जातीवरून आहेत). कोणती श्रेष्ठ हे ठरवण्यापेक्षा आपल्या तिखट-मिठाच्या जेवणाबरोबर कोणती जमते, हा प्रश्न आम्हाला अधिक उपयोगाचा वाटला आणि त्याचे उत्तर किमतीच्या उतरंडीप्रमाणे आले नाही.

सुरुवात सोव्हिन्यों ब्लांने केली. पेल्यात ओतताच नुकत्याच चिरलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि ओल्या गवताचा वास येतो. चव कोरडी, आंबटपणा स्वच्छ आणि टोकदार. रवा लावून तळलेल्या बांगड्यावर लिंबू पिळण्याचे काम या वाइननेच केले. हा आंबटपणा टिकण्यामागे नाशिकच्या हवामानाचा मोठा वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या पठारावर हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार पडतात, आणि वेलींची वर्षातून दोनदा छाटणी करून पीक पावसाळ्याच्या तावडीतून सोडवल्यामुळे द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढता येतात. शेनिन ब्लां किंचित गोडसर आहे. वाइनची सवय नसलेल्यांना तीच आवडली, यात नवल नाही. मला मात्र तिचा दुसरा पेला नको वाटला.

खरे आश्चर्य अकलूजचे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका म्हटला की डोळ्यांसमोर ऊस येतो, इटलीतील टस्कनीची द्राक्षे नव्हेत. पण टस्कनीचेच वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली येथे सँजोव्हेसे रुजवले गेले आणि ते रुजले, हे या बाटलीवरून कबूल करावे लागते. रंग फार गडद नाही, चेरीसारख्या लाल फळांची चव आहे आणि तुरटपणा बेताचा आहे. हा बेताचा तुरटपणाच कामाला आला, कारण मिरचीच्या तिखटाने रेड वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही अधिक जाणवतात. कांदा-लसूण मसाल्यातल्या सुक्या मटणाबरोबर सँजोव्हेसे शेवटच्या घासापर्यंत टिकली, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबरही ती बिघडली नाही, याला तर मी विशेष गुण देईन.

‘ला रिझर्व्ह’ ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या द्राक्षांचे मिश्रण असलेली, फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवलेली वाइन आहे आणि फ्रान्समधील बोर्दोचे वाइन-सल्लागार मिशेल रोलाँ यांचे मार्गदर्शन ग्रोव्हरला दीर्घकाळ लाभले. चारही बाटल्यांत सर्वांत भारदस्त तीच. काळी मिरी, पिकलेले जांभळे फळ आणि मागे रेंगाळणारा लाकडाचा सुवास असा तिचा बाज आहे. मटणाच्या मसाल्यापुढे मात्र ती कडक आणि कोरडी वाटू लागली. ताटे उचलल्यावर, जुन्या चीजच्या तुकड्याबरोबर, तीच वाइन एकदम खुलली. परराज्यातून येणाऱ्या बाटलीवर महाराष्ट्रात कर अधिक पडतो, त्यामुळे ती जेवणासोबत संपवून टाकणे खिशालाही परवडणारे नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातील गार घरांसाठी आहे. आपल्याकडे रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. तशी ठेवलेली सँजोव्हेसे आणि टेबलावर तशीच राहिलेली सँजोव्हेसे यांत इतका फरक पडला की गार न केलेल्या पेल्याला एकाने चक्क ‘काढा’ म्हटले. एकच बाटली घ्यायची असेल, तर बेत माशांचा असल्यास नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि मटणाचा असल्यास अकलूजची सँजोव्हेसे, असा माझा स्पष्ट कौल आहे.