गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी: आधी वगळलेल्या भागांची यादी वाचा

शोरूममध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी वर्षांच्या हिशोबात विकतात, संपते मात्र ती बऱ्याचदा किलोमीटरवर. समजा मूळ वॉरंटी 3 वर्षांची आहे आणि वाढीव वॉरंटी धरून एकूण 5 वर्षं किंवा 1 लाख 20 हजार किलोमीटर, जे आधी होईल तिथपर्यंत. वर्षाला 30 हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची वॉरंटी चौथ्या वर्षाअखेरीसच संपली. पैसे 2 वर्षांचे गेले, उपयोग 1 वर्षाचा.

मग गिअरबॉक्स बघा. आमच्या मते निम्मा निर्णय इथेच होतो. बिनटर्बोचं साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर आणि मोजकी इलेक्ट्रॉनिक्स असेल, तर चौथ्या-पाचव्या वर्षीचा खर्च मुख्यतः क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर आणि सस्पेन्शनचे बुश यांचा असतो. नेमके हेच भाग झिजणारे म्हणून सहसा वगळलेले असतात. अशा गाडीला तेवढी रक्कम बाजूला टाकून ठेवलेली बरी.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिकचं, म्हणजे दोन क्लच असलेल्या आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचं, गणित वेगळं आहे. तिच्या मेकॅट्रॉनिक युनिटमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंट्रोल युनिट एकाच संचात बसवलेले असतात. त्यातला एखादा प्रेशर सेन्सर गेला तरी अनेकदा अख्खा संच बदलावा लागतो. टर्बो किंवा हाय-प्रेशर फ्युएल पंपचंही तसंच: एकच बिल वॉरंटीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं. अशी गाडी मूळ वॉरंटीनंतरही ठेवणार असाल तर वाढीव वॉरंटी जरूर घ्या. मात्र क्लच पॅक (क्लचच्या प्लेट्सचा संच) कव्हर होतो का, हे लेखी मागा. मेकॅट्रॉनिक कव्हर आणि क्लच पॅक बाहेर, असे करार असतात.

करार दोन तऱ्हेचे असतात. एकात कव्हर होणाऱ्या भागांची यादी असते, दुसऱ्यात वगळलेल्या भागांची. दुसरा केव्हाही चांगला, कारण यादीत नाव नसलेला भाग तिथे आपोआप कव्हर होतो.

क्लेम फेटाळले जातात ते बहुतेक सर्व्हिसच्या नोंदी आणि नुकसानीचं कारण यांवरून. कूलंटचा होज गळून तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी जागीच थांबवून इंजिन बंद करायचं. मग बहुधा होजवर निभावतं. गॅरेजपर्यंत नेऊ म्हणून आणखी चार-पाच किलोमीटर रेटली, तर सिलिंडर हेड वाकतं, हेड गॅस्केट (हेडखालचं सील) जातं आणि क्लेम निष्काळजी वापर म्हणून नाकारला जातो. तिथे वाद घालणं कठीण असतं, कारण फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) पडतो त्या क्षणाचं कूलंटचं तापमान, आरपीएम आणि वेग ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नोंदलेला असतो. टायमिंग बेल्टचंही असंच. मुदतीत न बदललेला बेल्ट तुटला आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले, तर इंजिन कव्हर असूनही पैसे मिळत नाहीत, कारण मूळ कारण चुकलेली देखभाल ठरतं. उंदरांनी कुरतडलेली वायर, दगड लागून फुटलेला एसी कंडेन्सर, इंजिनात शिरलेलं पाणी हे सारं वॉरंटीत बसत नाही, विम्यात बसतं का ते पाहावं लागतं. बाहेरून अ‍ॅक्सेसरी बसवताना मूळ वायरिंग कापलं असेल, तर त्या सर्किटचा क्लेम विसराच.

क्लेमच्या वेळी इंजिन उघडण्याआधी वॉरंटी देणाऱ्याची लेखी मंजुरी आणि उघडण्याच्या मजुरीचा अंदाज हातात हवा. दोष कव्हरबाहेरचा निघाला तर ही मजुरी मालकालाच भरावी लागते, आणि सुटे भाग टेबलावर मांडलेले असताना घासाघीस करायला जागा उरत नाही.

उत्पादक कंपनीचा प्लॅन मिळत असेल तर डीलरच्या किंवा तिसऱ्या कंपनीच्या प्लॅनपेक्षा तोच घ्या. सुटा भाग आणि मंजुरी एकाच घरातून येते. तो सहसा मूळ वॉरंटी संपायच्या आत घेता येतो, त्यामुळे नवी गाडी घेतानाच सही करायची घाई नको. कर्जात मिसळला तर त्याच्यावरही व्याज लागतं. गाडी विकताना तो नव्या मालकाच्या नावावर करता येतो का आणि मध्येच बंद केला तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का, ही दोन कलमं सही करण्याआधी शोधून काढा.