बीर-बिलिंगचं टँडम (पायलटसोबत जोडीनं) पॅराग्लायडिंग: अंबाजोगाईहून गेलेल्या बाईचा अनुभव

हिमाचलात बिलिंग सुमारे 2,400 मीटरवर आहे, उडायचं तिथून, उतरायचं खाली बीरला. 2015 ला इथंच पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. पायलटदादांनी हार्नेसचे (अंगाला बांधायच्या पट्ट्यांचे) बकल पुन्हा पुन्हा ओढून बघितले, तिथंच निम्मी भीती गेली. मग बजावलं, "पळत राहा, मध्येच बसायचं नाही." आणि जमीन सुटली! वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात शिरलो की त्यांचं उंची वाढतेय हे सांगणारं यंत्र टीं-टीं करायचं, आम्ही गोल फिरत वर. समोर धौलाधारची डोंगररांग, बर्फासकट. बालाघाटच्या उघड्या डोंगरांत वाढलेल्या मला डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

व्हिडिओचे पैसे वेगळे घेतात, हे आधी सांगितलं नव्हतं. ते पटलं नाही. पावसाळ्यात उड्डाणं बंद असतात. ऑक्टोबरात जा, आईलाही न्या.